कुठे उतरणार?

लोकलच्या लेडीज डब्यात चढल्यावर कुणी कुणाला ‘कशी आहेस?’ असं विचारत नाही. ‘कुठे उतरणार?’ असं विचारतात. ही चौकशी नसते, बुकिंग असतं. समोरची ‘घाटकोपर’ म्हणाली की ती सीट घाटकोपरपासून आपली. लगेच मागून आवाज येतो, ‘त्यांना मी आधीच सांगितलंय.’ मग तिच्याही मागून, ‘तुम्ही सांगितलंय ते विंडोच्या बाईंना. ह्या मधल्या.’ लग्नाची यादी करताना व्याही-व्याह्यांमध्ये होत नाहीत एवढी काटेकोर बोलणी डोंबिवली ते ठाणे या टप्प्यात उरकतात. तीही एका पायावर उभं राहून, कारण दुसऱ्या पायाची जागा अजून व्हायची असते.

तर एका सकाळी आमच्या बदलापूर फास्टमध्ये दरवाज्याच्या आत, छताला, एक नवीन प्रवासी दिसला. नारळाच्या अर्ध्या करवंटीएवढा, काळा, गुळगुळीत. तो पहिल्यांदा अंबरनाथला दिसला. आमच्या डब्यात बायकांना नावं नसतात, स्टेशनं असतात. मी गेली एकोणीस वर्षं ‘डोंबिवली’ आहे. माझं खरं नाव पगाराच्या स्लिपवर आणि गॅसच्या पुस्तकावर असतं, डब्यात त्याचा काही उपयोग नाही.

‘हा कुठून बसला?’ अंबरनाथने विचारलं.

‘कारशेडातून,’ बदलापूर म्हणाली.

डबा क्षणभर गप्प झाला. यातलं गांभीर्य बाहेरच्यांना कळायचं नाही. आमच्याकडे मान वयावर ठरत नाही, कोण कुठून चढलं यावर ठरतो. बदलापूर बसून येते, म्हणून ती ज्येष्ठ. अंबरनाथला बहुधा मधली सीट मिळते. कल्याणला मिळाली तर चौथी, म्हणजे अर्धी मांडी सीटवर आणि बाकीची देवाच्या भरवशावर. डोंबिवलीने उभं राहायचं आणि ‘डोंबिवलीवाल्या फार गर्दी करतात’ हे ऐकून घ्यायचं. अशा व्यवस्थेत कुणी थेट कारशेडातून बसून आला, तेही सगळ्यांच्या डोक्यावर, म्हटल्यावर बदलापूरचं आसनसुद्धा जरा डळमळलं. त्याला ‘कुठे उतरणार?’ विचारण्यात काही अर्थच नव्हता. तो उतरणारच नव्हता.

पहिले तीन दिवस डबा अगदी मुलगी बघायला पाहुणे आल्यासारखा वागला. समोरच्या सीटवर पाय टाकले गेले नाहीत. केस घरूनच विंचरून आणले गेले. बदलापूरची मेथीची जुडी पिशवीतच राहिली. एरवी ती ठाण्यापर्यंत निवडून होते आणि मुलुंडला देठांची पुडी बांधली जाते. चौथ्या दिवशी जुडी बाहेर आली. ‘घरी जाऊन रात्री नऊला निवडू का मी?’ असं तिने विचारलं, तेही वर बघून. उत्तर आलं नाही. त्या दिवशी अंबरनाथने शेंगा सोलल्या, कल्याणने ब्लाउजला हुक लावले आणि कानातलीवाली पोरगी तिचा कानातल्यांचा बोर्ड घेऊन दरवाज्यातच उभी राहिली. दहाला दोन, वीसला पाच. कॅमेऱ्याच्या बरोबर खाली. बहुतेक तिथे उजेड बरा पडत असावा.

खरी पंचाईत वेगळीच होती. दिसतं ते दिसू दे, पण त्याला ऐकू येतं का?

कारण आमच्या डब्यात बोललं काय जातं, तर सासू. सासू नसेल तर सून. साहेब तिसऱ्या नंबरावर. हे रेकॉर्ड व्हायला लागलं तर अर्ध्या ठाणे जिल्ह्यातली घरं फुटतील. निकाल लागेपर्यंत खबरदारी म्हणून सासूला ‘हेड ऑफिस’ म्हणायचं ठरलं. आठवडाभर ‘हेड ऑफिसचे गुडघे दुखतात’, ‘हेड ऑफिसला काल श्रीखंड चाललं, मला मात्र डायबिटीसचं लेक्चर’ अशी संभाषणं झाली. एका नव्या मुलीला तर वाटलं आम्ही सगळ्या एकाच कंपनीत कामाला आहोत. शेवटी बँकेतल्या मॅडमनी निर्वाळा दिला, ‘ऐकू येत असतं तर एव्हाना कुणीतरी हळू बोला म्हणून सांगायला आलं असतं.’ त्यात तथ्य होतं. हेड ऑफिस पुन्हा सासू झालं.

माझी नणंद बोरिवलीला राहते. रेल्वेतलं काहीही चांगलं आधी पश्चिम रेल्वेवरच येतं असं तिचं मत आहे, आणि दुर्दैवाने तिच्याकडे तारखा आहेत. लेडीज स्पेशल? ५ मे १९९२, चर्चगेट ते बोरिवली. एसी लोकल? २५ डिसेंबर २०१७, तीही बोरिवलीहूनच. तिच्यापुढे मी एकच पत्ता टाकते. विजेवरची पहिली गाडी आमची, ३ फेब्रुवारी १९२५, व्हीटी ते कुर्ला. ‘ती हार्बर,’ असं ती म्हणते, जणू हार्बर आमच्या सवतीची आहे. कॅमेऱ्याची बातमी मी तिला मोठ्या झोकात दिली, तर म्हणाली, ‘अगं, आमच्याकडे केव्हाच आहेत. टॉकबॅकचं बटण आहे का तुमच्याकडे?’

होतं. लाल बटण. दाबलं की गाडीच्या शेवटच्या डब्यातल्या गार्डशी बोलता येतं, अडचणीच्या वेळी. या गार्डला २०२२ च्या जानेवारीपासून ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात. मॅनेजर म्हटल्यावर आमच्या बायकांना त्याच्याशी जास्तच बोलावंसं वाटायला लागलं. एकदा एका आजींनी बटण दाबून ‘मॅनेजरसाहेब, ही दिव्याला थांबते का?’ असं विचारलेलं मी स्वतः ऐकलं आहे. पलीकडे बराच वेळ खरखर झाली. त्या खरखरीत एका माणसाच्या नोकरीच्या उरलेल्या वर्षांचा हिशेब चालला असावा.

आमच्या ह्यांच्या डब्यात तेव्हा कॅमेरा नव्हता. ‘आमच्याकडे काय चोऱ्या होत नाहीत?’ असं ते दोन दिवस म्हणत होते. मग लक्षात आलं की ब्रीफकेसवर रमी खेळताना वरून कुणीतरी तेराही पानं बघणार. तिसऱ्या दिवशी ते व्यक्तिस्वातंत्र्यावर बोलायला लागले.

तसं पाहिलं तर नजर ही काही आम्हाला नवी नाही. माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. तिथे गॅलरीत शेंगा निवडत बसलेल्या तीन काकू म्हणजे चोवीस तास चालणारी यंत्रणा होती. कोण आलं, किती वाजता आलं, हातात काय होतं, परत जाताना चेहरा कसा होता, सगळं नोंदलेलं. डोंबिवलीत ब्लॉक घेतला तेव्हा वाटलं सुटलो. दार लावलं की कुणाला पत्ता नाही. पण ती गॅलरी नुसती चाकांवर चढली होती. डब्यातल्या एका मुलीने हातात नवीन अंगठी घातली, तर मुंब्र्याला ती दिसते, कळव्याला ‘आमचं काय, आम्ही कोण’ सुरू होतं आणि ठाण्याचा प्लॅटफॉर्म लागेपर्यंत मुलगा कुठला, काय करतो, घर स्वतःचं की भाड्याचं आणि लहान दीर आहे का, इथपर्यंत सगळं कळलेलं असतं. कॅमेऱ्याला फार तर एवढंच दिसेल की एक बाई सोमवारपासून आली नाही. ती बाथरूममध्ये घसरली, प्लास्टर सहा आठवडे आहे आणि पोळ्यांना बाई लावली आहे पण ती जाड लाटते, हे डब्याला सोमवारीच ठाऊक असतं.

शिवाय त्या बिचाऱ्याला दिसणार तरी काय? आमच्या गर्दीला रेल्वेच्या कागदावर ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं भारदस्त नाव आहे. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभे प्रवासी. चौरस मीटर म्हणजे साधारण आमच्या देवघरासमोरची चटई. तिच्यावर सोळा बायका, त्यांच्या सोळा पर्सा पोटाशी धरलेल्या आणि डबे पायांत. तर अशा ठिकाणी वरून बघणाऱ्याला माणूस दिसत नाही. भांग दिसतात.

हे मला कसं ठाऊक, तर मी ते फुटेज पाहिलं आहे.

भाचीच्या केळवणासाठी घेतलेली साडी आणि चांदीची वाटी असलेली पिशवी मी एका संध्याकाळी रॅकवर ठेवली. डोंबिवलीला उतरताना पाहिलं तर पिशवी नाही. मी थेट पोलीस चौकीत. हवालदार सज्जन होते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, लोकलने जाणाऱ्या माणसाला याचं फार अप्रूप असतं. मग त्यांनी आधी माझं शिक्षण केलं. डब्यातला पंखा चोरीला गेला तर तो रेल्वेचा, म्हणून ते बघणार रेल्वे सुरक्षा दल, म्हणजे आरपीएफ. माझी पिशवी गेली तर ती माझी, म्हणून बघणार लोहमार्ग पोलीस, म्हणजे जीआरपी. पहिले केंद्राचे, दुसरे राज्याचे. ‘आणि कॅमेरा?’ मी विचारलं. ‘कॅमेरा त्यांचा, चोर आमचा,’ ते म्हणाले.

‘डबा नंबर?’

‘पुढून तिसरा.’

‘तसा नव्हे ताई. बाहेर रंगवलेला असतो तो.’

एकोणीस वर्षांत मी तो कधी वाचला नव्हता. डबा बाहेरून बघायला वेळ कुणाला असतो? पण डबा मी अंगाखांद्याने ओळखते. ‘दुसऱ्या खिडकीजवळचा पंखा आपणहून फिरत नाही,’ मी सांगितलं, ‘कंगवा घालून ढकलावा लागतो. आणि दाराजवळच्या तिसऱ्या कडीचा पट्टा लांब आहे, बुटक्यांसाठी बरा.’ हवालदारांनी लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं.

तरी चार दिवसांनी त्यांनी फुटेज मिळवलं, हा त्यांचा मोठेपणा. पडद्यावर आमचा डबा होता, वरून. गोल, फुगलेला, आप्प्यासारखा. आणि त्यात नुसती डोकी. मी माझ्या डोक्याचा वरचा भाग आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. घरच्या आरशात समोरून सगळं काळंभोर दिसतं. वर, टाळूवर, चांगला रुपयाएवढा पांढरा गोल होता. म्हणजे गेली कित्येक वर्षं डब्यातल्या सगळ्या उंच बायकांना हे दिसत होतं आणि एकीनेही तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. इतर बाबतीत कोण विश्वासाचं आणि कोण नाही, याची माझी यादी त्या क्षणी बदलली.

‘ही क्लचवाली मी,’ मी म्हटलं.

‘आणि ह्या शेजारच्या?’

‘ती अंबरनाथ.’

‘नाव?’

‘अंबरनाथच.’

‘बरं. ह्या?’

‘कल्याण. पलीकडे दिवा. दिव्याच्या मागे जरा तिरक्या उभ्या आहेत त्या टिटवाळा, पण त्या कल्याणला गाडी बदलतात.’

‘ताई,’ हवालदार म्हणाले, ‘मी जबाब लिहितोय की टाइमटेबल?’

पुढे गाडी घाटकोपरला आली. दाराशी पोचलेल्या एका बाईचा हात गर्दीतून वर आला. ही रोजचीच पद्धत. सामान रॅकवर राहतं, माणूस दारापर्यंत लोटला जातो, मग ‘माझी निळी पिशवी द्या हो’ अशी आरोळी येते आणि पिशवी हातोहात दाराकडे सरकते. हंडीच्या थरांतसुद्धा एवढी एकजूट नसते. पडद्यावर एक हात रॅककडे गेला, निळी पिशवी उचलली आणि पुढच्या हातात दिली. पुढचीने पुढे दिली. चार हातांतून पिशवी दारात पोचली आणि उतरली.

‘थांबवा,’ मी म्हटलं.

पहिला हात क्लचवालीचा होता.

डुलकीतून उठून, डोळे पुरते न उघडता, मी माझी स्वतःची पिशवी परोपकार म्हणून दुसऱ्या बाईला काढून दिली होती. वरून ‘सांभाळून हं’ असंही म्हणाले असेन, माझा स्वभाव तसा आहे. नशीब त्याला ऐकू येत नव्हतं. हवालदारांनी शांतपणे विचारलं, ‘आता गुन्हा कुणावर नोंदवू?’

गंमत अशी की मी चौकीत बसून माझी टाळू बघत होते तेव्हा प्रकरण निकालात निघालेलं होतं. आमच्या डब्याचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. सकाळी कुठल्या डब्याचा पंखा बंद आहे इथपासून एकादशीच्या शुभेच्छांपर्यंत सगळं त्यावर असतं. चार दिवस मी त्यावर पिशवीबद्दल लिहिलं नव्हतं, कारण पोलीस केस असताना बोलू नये असं ह्यांनी बजावलं होतं. त्या घाटकोपरवाल्या बाई आमच्या ग्रुपात नव्हत्या. पण त्यांची जाऊ मुलुंडची, आणि मुलुंड ग्रुपात होती. घाटकोपरवालीचं आणि माझं साडीचं दुकान एक, म्हणून पिशव्या एक. त्यांची पिशवी पलीकडच्या रॅकवर तशीच पुढे गेली होती आणि ती अंबरनाथने उतरवून घरी नेऊन ठेवली होती. आत दोन किलो वाल होते. अंबरनाथने ते भिजत घातले नाहीत, एवढं तिने आवर्जून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पिशव्यांची अदलाबदल झाली. वाटी होती, साडी होती, आणि जोडीला अभिप्राय होता. ‘रंग छान आहे,’ घाटकोपर म्हणाल्या, ‘पण भाची सावळी असेल तर जरा गडद शोभला असता.’ साडी तोवर मुलुंडच्या जावेने, तिच्या सासूने आणि शेजारच्या दोघींनी बघून घेतली होती.

आता तर म्हणे यंत्राला डोकंही बसवणार. २०२५ च्या जुलैत रेल्वेमंत्र्यांनी सांगितलं की देशातल्या ७४ हजार डब्यांत आणि १५ हजार इंजिनांत कॅमेरे लागतील. डब्याला चार, इंजिनाला सहा. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगातही चित्र स्वच्छ यावं, शिवाय ते चित्र तपासायला कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून पाहावी, असंही निघालं. वेगाची चिंता आम्हाला नाही. कुर्ला ते दादर मधल्या सिग्नलला आमची गाडी जशी उभी राहते, त्यात तैलचित्रसुद्धा काढून होईल. मला काळजी आहे ती त्या बुद्धिमत्तेची. संशयास्पद हालचाल दिसली की ती म्हणे इशारा देऊ शकेल. आमच्या डब्यात संशयास्पद नाही असं काय आहे? एक बाई पर्समधून सुरी काढते (काकडी). सहाजणी डोकी एकत्र करून कुजबुजतात आणि एकदम हसतात (हेड ऑफिस). एक अनोळखी बाळ चार जणींच्या हातांवरून खिडकीपाशी जातं आणि त्याच्या आईला त्याची काळजी नसते. एक मिसरूड फुटलेला मुलगा आईचा पदर धरून आत शिरतो, आणि आई शपथेवर सांगते की अकरा पूर्ण व्हायचेत, कारण बारापर्यंतचे मुलगे लेडीजमध्ये चालतात. या मुलाचं वय डब्यातल्या बायकांना ठरवता येत नाही, तिथे यंत्र काय करणार?

रात्री अकराच्या गाडीत मात्र मला ही थट्टा सुचत नाही. ऑफिसात मार्च एंडला उशीर होतो. ठाण्यानंतर डबा रिकामा होत जातो, दिव्यांचा उजेड जास्तच पांढरा वाटायला लागतो आणि मुंब्र्याच्या डोंगरापाशी खिडकीतून नुसता काळोख येतो. दाराशी पोलीस बसलेला असतो तेव्हा ठीक. एकदा कॉल सेंटरातली एक मुलगी आणि मी, दोघीच होतो. सगळ्या सीट मोकळ्या, हवी ती विंडो घ्या. ती विंडो सोडून बरोबर त्या करवंटीखालच्या सीटवर जाऊन बसली. मीही उठून तिच्याशेजारी बसले. दिल्लीतल्या २०१२ च्या डिसेंबरनंतर सरकारने निर्भया निधी काढला, स्टेशनांवरच्या पुष्कळ कॅमेऱ्यांचे पैसे त्यातूनच आले. त्या मुलीला हे ठाऊक असेल-नसेल. आम्ही बोललो ते एवढंच: ‘कुठे उतरणार?’ ‘कल्याण. तुम्ही?’ ‘डोंबिवली.’ मग मी त्या रात्री कल्याणपर्यंत गेले आणि रिटर्न आले. ह्यांना मेगाब्लॉक सांगितला, रात्री अकराला.

दसरा आला तसा डबा सजला. हे आमच्याकडे वर्षानुवर्षं चालत आलंय. खंडेनवमीला ज्याचं त्याचं हत्यार पुजायचं, आणि आमचं हत्यार म्हणजे लोकल. झेंडूची तोरणं, क्रेपच्या पताका, दाराच्या दांड्याला हार, मोटरमनला पेढे. त्याच्याही केबिनमध्ये म्हणे कॅमेरा लागलाय, म्हणून त्याने पेढा हातात घेतला, तोंडात नाही. बदलापूर सीटवर चढली आणि हळदी-कुंकवाचं बोट घेऊन पंख्याला, कडीला, लाल बटणाला लावत लावत वर पोचली. ‘त्याला पण?’ मी विचारलं. ‘आपल्यातलाच आहे,’ ती म्हणाली, आणि करवंटीच्या बरोबर मधोमध कुंकवाचं ठसठशीत बोट उठलं. खाली उतरून तिने वर बघत नमस्कारही केला. मग फरसाण वाटलं गेलं.

पुढच्या आठवड्यात परतीचा पाऊस कोसळत होता. गाडी पंचवीस मिनिटं लेट. आत शिरून बघते तर छताला दोन स्क्रूची भोकं आणि वायरचं एक वेटोळं. बाकी काही नाही.

‘कुठे उतरला गं?’ मी विचारलं.

‘कुर्ला कारशेडला असेल,’ अंबरनाथ म्हणाली. ‘साफ करायला नेला असेल.’ कुणीच बदलापूरकडे पाहिलं नाही. ती मेथी निवडत होती आणि देठ नेहमीपेक्षा लांब तोडत होती.

तेवढ्यात एका नव्या मुलीने, जिला अजून स्टेशन मिळालेलं नाही, हात वर केला आणि आपली निथळती छत्री त्या वेटोळ्याला अडकवली.

‘ए, काढ ती,’ बदलापूर खेकसली. ‘ती जागा धरलेली आहे.’